मानेवरचा भार

चुंबळ ही वस्तू वैद्यकाच्या ग्रंथांतून सहसा आढळावयाची नाही. जुन्या लुगड्याची चिंधी पिळून तिचे वेटोळे करावे, ते टाळूवर ठेवावे आणि त्यावर घागर, पाटी, कडब्याच्या पेंढ्या अथवा सरपणाचा भारा घ्यावा, एवढाच तिचा उपयोग. तथापि मानदुखीचा इतिहास पाहू जाणाऱ्याने आरंभ करावयाचा तो या चिंधीपासूनच केला पाहिजे. मानेत हाडे किती आणि मज्जातंतू कोठून निघतात याची वार्ताही ज्या घरांत नव्हती, त्या घरांतील पाणी वाहणाऱ्या स्त्रीस दोन गोष्टी पक्क्या ठाऊक होत्या. डोक्यावरचे ओझे मानेस बाधते ही एक, आणि ते मधोमध तोलले तर कमी बाधते ही दुसरी. चुंबळ हे त्या ज्ञानाचेच दृश्य रूप होय.

अशा ओझ्यांची परंपरा पाहावयास सोलापूर जिल्ह्यातील टेंभुर्णी हे गाव सोयीचे आहे. माढा तालुक्यातील हे गाव पुणे-सोलापूर रस्त्यावर वसलेले असून येथून करमाळा, कुर्डुवाडी, पंढरपूर व अकलूज या चारी दिशांस वाटा फुटतात. भीमेचे पात्र जवळ असले तरी माढ्याचा हा मुलूख मूळचा कोरडवाहू ज्वारीचा. ज्वारीबरोबर कडबा आला, आणि कडबा शेतातून गंजीपर्यंत न्यावयाचा तो डोक्यावरून. विहीर आटली की पाण्यासाठी करावयाची पायपीट वेगळीच. १८७६ ते १८७८ च्या भीषण दुष्काळात सोलापूर जिल्ह्यात जी सरकारी कामे निघाली, त्यांत जुन्या माढा तालुक्यातील आष्टीच्या तलावाचे काम होते. या तलावांच्या बांधाची माती कोणत्याही यंत्राने उचललेली नाही. ती पाटीपाटीने माणसांच्या डोक्यावरून चढली. पुढे शंभर वर्षांनी, १९७२ च्या दुष्काळात, हेच दृश्य पुन्हा दिसले. पाटीच्या जागी लोखंडी घमेले आले होते, एवढाच काय तो फरक. १९७३ च्या मे महिन्यात महाराष्ट्रभर दुष्काळी कामांवर सुमारे पन्नास लक्ष माणसे होती. त्यांत स्त्रियांचा भरणा मोठा होता. खडी फोडणाऱ्याच्या हाताचे फोड दिसतात, माती वाहणारीची मान दिसत नाही. म्हणून हजेरीपटावर तिच्या मजुरीची नोंद राहिली, मानेची राहिली नाही.

याच मुलखात मानेची काळजी घेण्याची एक सुंदर रीत मात्र आहे, आणि ती बैलासाठी आहे. पोळ्याच्या किंवा बेंदराच्या आदल्या दिवशी खांदेमळण करतात. वर्षभर ज्या जागी जू घासले तेथे हळद व लोणी अथवा तेल चोळून बैलाचा खांदा मऊ करावयाचा. जुवाखाली सूज आलेल्या बैलास औताला न जुंपता विसावा द्यावा, हेही शेतकरी जाणतो. १८९७ साली बार्शी लाइट रेल्वेची चिमुकली गाडी कुर्डुवाडीस येऊन मिळाली, १९०६ साली ती पंढरपुरापर्यंत गेली, आणि बार्शीच्या कापसाचा बराचसा भार बैलांच्या मानेवरून उतरला. घरातील स्त्रीच्या डोक्यावरची घागर उतरविण्यास कोणतीही रेल्वे आली नाही, आणि तिच्यासाठी खांदेमळणीचा सणही पंचांगात नाही.

आता ही मान आहे तरी कशी? तिच्यात सात मणके असतात. उंटाच्या, उंदराच्या आणि जिराफाच्या मानेतही सातच. सस्तन प्राण्यांत या नियमाला अपवाद फार थोडे. या सात मणक्यांवर साडेचार ते पाच किलो वजनाचे डोके तोललेले असते. मात्र ते खांबावरच्या कळसासारखे बरोबर मधोमध बसविलेले नाही. त्याचा भारमध्य सांध्याच्या किंचित पुढे पडतो, आणि मानेमागील स्नायू ते सतत मागे ओढून धरतात. कीर्तनात पेंग आलेल्या श्रोत्याची मान पुढे कोसळते ती याचमुळे: स्नायूंनी क्षणभर दोर सैल सोडला, इतकेच. मणक्यांच्या मधोमध लवचिक चकत्या, मागच्या बाजूस लहान सांधे, आतून मज्जारज्जूचा मार्ग आणि दोन्ही बाजूंच्या छिद्रांतून हातांकडे निघालेले मज्जातंतू, असा हा दाट वस्तीचा भाग आहे. येथे एकाच्या घरी बिघाड झाला की शेजाऱ्यास त्रास होतो. मानेतील तंतू दाबला गेला तर कळ उठते ती बोटांत.

मानेवर भार पडतो तो दोन तऱ्हांनी. पहिला वरून सरळ खाली येणारा, हमालाचा किंवा पाणी वाहणारीचा. दुसरा मान वाकवून बसण्याचा. यात डोक्यावर काहीच नसते, परंतु डोकेच ओझे होते. सोलापूर शहरात १८७७ साली जुनी गिरणी सुरू झाली. तिच्या आधीपासून आणि तिच्यानंतरही तेथील विणकर हातमागावर मान घालून बसत आला. सुपात तंबाखू व पाने घेऊन विड्या वळणाऱ्या हजारो स्त्रियांचे तेच. कचेरीतील कारकुनाचे तेच, आणि आजच्या घरोघरीच्या मोबाइलधारकाचेही तेच. २०१४ साली एका अमेरिकन शल्यवैद्याने हिशेब मांडला, की मान साठ अंशांनी वाकली असता तिच्यावर सुमारे सत्तावीस किलोंचा ताण येतो. हा आकडा तेव्हापासून फार गाजला. परंतु ते कागदावरचे गणित आहे, माणसाच्या मानेत काटा बसवून घेतलेले माप नव्हे. आणि वाकलेली मान व दुखणारी मान यांचा संबंध वर्तमानपत्रे सांगतात तितका सरळ असल्याचे पुढील पाहण्यांतून सिद्ध झालेले नाही. एकाच स्थितीत तासन् तास राहणे हे वाकण्यापेक्षा अधिक त्रासाचे दिसते.

आपल्याकडे या व्यथेची शास्त्रीय नोंद फार जुनी आहे. सुश्रुतसंहितेच्या निदानस्थानात वातव्याधींमध्ये ‘मन्यास्तंभ’ सांगितला आहे. मन्या म्हणजे मानेचा पार्श्वभाग, आणि स्तंभ म्हणजे ताठरणे. त्याची कारणे म्हणून दिवसा झोपणे, बसण्याउठण्याची विकृत ठेवण आणि सतत वर पाहणे ही दिली आहेत. कफाने आवरलेला वायू मान जखडून टाकतो अशी त्याची उपपत्ती आहे. उपचार कोरड्या शेकाचा व नस्याचा. शरीराची ठेवण आणि मानेची व्यथा यांचा संबंध इतक्या प्राचीन काळी नेमका हेरला गेला, ही गोष्ट लहान नव्हे. मात्र त्या कारणमालिकेत ओझ्याचे नाव नाही. दिवसा झोपावयास सवड असणारेच वैद्याच्या दारी अधिक जात असावेत, असा तर्क कोणी केला तर तो अगदीच अनाठायी म्हणता येणार नाही.

मिसर देशातील एक पपायरस याहूनही जुना आहे. एडविन स्मिथ नावाच्या अमेरिकन गृहस्थाने १८६२ साली तो लक्सर येथे विकत घेतला आणि १९३० साली ब्रेस्टेड या पंडिताने त्याचे भाषांतर प्रसिद्ध केले. ही प्रत ख्रिस्तपूर्व १६०० च्या सुमाराची मानतात. तीत अठ्ठेचाळीस रोग्यांची हकीकत असून काही मानेच्या दुखापतींच्या आहेत. नुसती मान मुरगळलेल्या रोग्यावर उपचार करावा, पण मणका सरकून हातपाय लुळे पडलेल्याचा रोग हाती घेऊ नये, असा त्यात निर्णय आहे. साध्या व भयंकर मानदुखीतील भेद त्या वैद्यास कळत होता, आणि आजच्या वैद्याचेही पहिले काम तो भेद करणे हेच आहे.

गावोगावी मात्र उपचार चालत ते निराळेच. सकाळी उठताना मान धरली, उसण भरली, की तव्यावर तापविलेल्या वाळूची पुरचुंडी, निर्गुडीचा पाला, एरंडाचे पान यांचा शेक. फारच झाले तर बिब्ब्याचा डाग. आणि पायाळू मनुष्य! जन्मताना ज्याचे पाय आधी आले त्याने उसण भरलेल्या जागी पाय लावला की दुखणे पळते, ही समजूत महाराष्ट्रात सर्वदूर आहे. तिला हसणे सोपे आहे. ती टिकली का हे पाहणे अधिक उपयोगाचे. झोपेत अवघडलेली मान काही न करताही बहुधा दोन-चार दिवसांत, फार तर आठवड्यात, मोकळी होते. त्या अवधीत जो कोणी हात किंवा पाय लावील त्याच्या पदरी यश पडते. पायाळूच्या पायाने निदान अपाय झाला नाही. हजामतीनंतर मान झटक्याने कडाड् वाजविण्याच्या प्रकाराविषयी तसे म्हणता येत नाही. मानेतून मेंदूकडे जाणाऱ्या रोहिणीस अशा झटक्याने इजा होऊन पक्षाघात झाल्याची उदाहरणे, विरळ असली तरी, वैद्यकात नमूद आहेत.

इटालियन वैद्य रामाझिनी याने १७०० साली कामगारांच्या रोगांवर ग्रंथ लिहिला. रोग्यास जे प्रश्न विचारावयाचे त्यांत तुमचा धंदा कोणता हाही विचारीत जावा, असा त्याचा आग्रह होता. हा प्रश्न पुढे वैद्यकाने वारंवार विसरावा आणि वारंवार त्याला आठवावा, असे घडले आहे. विस्मरणाचे एक कारण मोठे मोहक होते. १८९५ साली राँटगेनने क्ष-किरण शोधून काढले आणि जिवंत मनुष्याची हाडे प्रथमच डोळ्यांना दिसू लागली. मानेचे छायाचित्र घ्यावे, मणक्यांच्या कडांना फुटलेले कोंब व अरुंद झालेल्या चकत्यांच्या जागा पाहाव्या, आणि व्यथेचे मूळ सापडले असे मानावे, ही वहिवाट पडली. १९५२ साली लंडनच्या रसेल ब्रेन व त्यांच्या सहकाऱ्यांनी मानेच्या मणक्यांची झीज आणि त्यामुळे मज्जारज्जूवर येणारा दाब यांचे विस्तृत वर्णन प्रसिद्ध केले. लेखक ब्रेन, विषय मज्जासंस्था आणि नियतकालिकाचे नावही ‘ब्रेन’, असा तो गमतीचा योग होता. त्यांचा लेख मोलाचा होता. मज्जारज्जू दाबला जाऊन चाल बिघडते, बोटांनी गुंडी लावता येईनाशी होते, ही गोष्ट त्याने वैद्यांच्या ध्यानात आणून दिली. परंतु त्यातील ‘स्पॉन्डिलोसिस’ हा शब्द दवाखान्यातून घरी येईपर्यंत ‘स्पॉन्डिलायटिस’ झाला, आणि झिजेचा दाह झाला. वयाबरोबर केस पिकावे तशी ही झीज होते. जपानात निरोगी, मान न दुखणाऱ्या १,२११ माणसांच्या मानांची चुंबकीय चित्रे घेण्यात आली. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या त्या पाहणीत सुमारे ८८ टक्क्यांच्या चकत्या फुगलेल्या आढळल्या. विशीतील तरुणही त्यांतून सुटले नव्हते. चित्रात दिसते तेच दुखते, हा समज या एका पाहणीने पुरता हलविला.

मोटार आली तेव्हा मानेच्या इतिहासात आणखी एक प्रकरण जोडले गेले. मागून धडक बसली की डोके चाबकाच्या टोकासारखे मागे-पुढे हिसडते. १९२८ साली हॅरोल्ड क्रो या अमेरिकन वैद्याने या दुखापतीस ‘व्हिपलॅश’ म्हणजे चाबकाचा फटकारा हे नाव दिले. पाश्चात्य देशांत तिच्या भरपाईचे दावे अपार वाढले. तेव्हा काही संशोधक लिथुएनियात गेले, कारण तेथे अशा दाव्यांची पद्धतच रूढ नव्हती. मागून धडक बसलेल्या २०२ माणसांची त्यांनी एक ते तीन वर्षांनंतर विचारपूस केली. १९९६ साली त्यांनी कळविले, की धडक न बसलेल्या लोकांपेक्षा या माणसांत जुनाट मानदुखी विशेष अधिक नव्हती. यावरून पश्चिमेचे रोगी खोटे बोलत होते असा अर्थ काढणे अन्यायाचे होईल. दुखापत कायमची आहे असे वैद्य, वकील व विमेवाले यांनी बजावीत राहिल्यास भीतीने आखडलेली मान खरोखरच दुखत राहते. परंतु येथे एक उलटी बाजूही आहे. जेथे भरपाई आहे तेथे मानेच्या कळेचा हिशेब चोख राहतो. जेथे ती नाही तेथे हिशेबच नाही. टेंभुर्णीवरून जाणाऱ्या महामार्गावर धडक बसलेल्या मोटारवाल्याची मान पोलिसांच्या व विम्याच्या कागदावर येते. त्याच रस्त्याच्या कडेने भारा घेऊन चाललेल्या बाईची येत नाही.

डोक्यावरून ओझे वाहणाऱ्या स्त्रियांच्या डौलदार चालीचे वर्णन प्रवाशांनी पुष्कळ केले आहे, आणि त्या कौतुकात विज्ञानानेही एकदा भर घातली. केनियातील लुओ व किकुयू स्त्रिया स्वतःच्या वजनाच्या पाचव्या हिश्शाएवढे ओझे अधिक शक्ती न खर्चता वाहू शकतात, असे १९८६ साली मोजून दाखविण्यात आले. शक्ती खर्च होत नाही याचा अर्थ मान झिजत नाही असा मात्र नव्हे. १९६८ साली एका ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकाने आफ्रिकेतील भारवाहकांच्या मानेच्या दुखापतींना ‘हमालाची मान’ असे नावच दिले होते, आणि पुढे तेथील ओझेवाल्यांच्या छायाचित्रांतही मणक्यांची झीज अधिक दिसून आली. फुगलेली चकती दुखेलच असे नाही हे खरे. तरी क्विंटलभराचे पोते माथ्यावर असता पाय घसरला तर काय होईल, हे सांगावयास छायाचित्र लागत नाही.

उपचारांचा प्रवास मोठा बोधक आहे. शिक्याने डोके बांधून मान वर ओढण्याची कल्पना सतराव्या शतकातील इंग्रज वैद्य ग्लिसन याच्या नावाने चालते. वजने टांगून मानेस ताण देण्याचा प्रघात तिच्याच वंशातला. त्याचा लाभ काहींना होतो, पण तो निश्चित आहे असे सिद्ध झालेले नाही. गळपट्ट्याने तर विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात इतका मान मिळविला, की मानदुखी म्हणजे पट्टा असे समीकरणच झाले. हातात कळा येऊ लागल्या असता पहिले काही आठवडे पट्ट्याने आराम पडतो. परंतु साध्या मानदुखीत तो महिनोन् महिने वापरला तर स्नायू दुबळे होतात आणि मान हलविण्याची धास्ती वाढते. विसाव्याकडून हालचालीकडे, हीच गेल्या पन्नास वर्षांतील उपचारांची दिशा आहे. हिंदुस्थानातील भौतिकोपचाराचे पहिले विद्यालय मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात १९५२ साली निघाले. ते पोलिओने पांगळ्या झालेल्या मुलांच्या निमित्ताने उभे राहिले असले, तरी त्याच विद्येचा हात पुढे कारकून व गृहिणी यांच्या मानेपर्यंत पोचला. फिनलंडमध्ये जुनाट मानदुखीने त्रासलेल्या १८० कचेरीतील स्त्रियांना वर्षभर मानेच्या स्नायूंचे व्यायाम देऊन पाहिले. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या त्या प्रयोगात व्यायाम नियमाने करणाऱ्यांची वेदना इतरांपेक्षा स्पष्टपणे कमी झाली. शेक, थोडे दिवस वेदनाशामक, हालचाल चालू ठेवणे आणि मग व्यायाम, असा हा मार्ग साधा आहे. साधा असल्यामुळेच तो अनेकांना पटत नाही.

शस्त्रक्रियेचे स्थान याच्या पलीकडे आहे. मानेच्या पुढच्या बाजूने जाऊन बिघडलेली चकती काढण्याची व मणके जोडण्याची पद्धती १९५५ नंतरच्या काही वर्षांत रूढ झाली आणि मज्जारज्जूवर दाब आलेल्या अनेकांना तिने अंथरुणाला खिळण्यापासून वाचविले. म्हणून ज्याच्या हातापायांतील शक्ती कमी होऊ लागली, चालताना झोक जाऊ लागला, लघवीवरचा ताबा सुटला, त्याने शेकात वेळ घालवू नये. पडल्यामुळे किंवा अपघातात मानेस मार बसला असेल तर तिला न हलविता वैद्य गाठावा. ज्वर, वजन घटणे व रात्रीची असह्य कळ ही लक्षणे आपल्या देशात विशेष जपण्याजोगी. मणक्यांचा क्षय, ज्याचे वर्णन इंग्लंडात पर्सिव्हल पॉट याने १७७९ साली केले, तो आपल्याकडून अद्याप गेलेला नाही, आणि तो औषधांनी बरा होणारा आहे.

महाराष्ट्रात मानेवरचा भार वैद्यकाने हलका केला त्याहून कदाचित अधिक कायद्याने केला असेल. माथ्यावरून ओझे वाहतो तो माथाडी. अण्णासाहेब पाटील यांनी मुंबईच्या माथाड्यांची संघटना बांधली, डॉ. बाबा आढाव यांनी पुण्याच्या हमालांची. आणि १९६९ साली माथाडी, हमाल व इतर श्रमजीवी कामगारांचा कायदा झाला. कालपर्यंत कोणाचाच नोकर नसलेला हमाल मंडळाच्या नोंदवहीत आला. त्याला भविष्यनिर्वाह निधी मिळाला, कल्याणाच्या सोयी मिळाल्या. त्याच सुमारास, १९६७ मध्ये, आंतरराष्ट्रीय श्रमसंघटनेने एका माणसाने वाहावयाच्या कमाल वजनाविषयी करार केला व प्रौढ पुरुषासाठी ५५ किलोंची मर्यादा शिफारशीत घातली. स्त्रियांसाठी ती बरीच कमी असावी असेही सांगितले. भारताने या करारास मान्यता दिली ती २०१० साली. पोते बाजारात भरले जाते, शिवले जाते, त्यावर वजन छापले जाते. म्हणून पोत्याविषयी असा नियम करता येतो.

टेंभुर्णीच्या परिसरात आता पोत्यापेक्षा मोळी मोठी झाली आहे. १९८० साली भीमेवरचे उजनी धरण पुरे झाले, ज्वारीच्या रानात ऊस आला, पिंपळनेरसारख्या गावी साखर कारखाने उभे राहिले. दर हंगामास बीड व अहिल्यानगर जिल्ह्यांतून तोडणीची बिऱ्हाडे येतात. नवराबायको मिळून एक ‘कोयता’ मोजला जातो. पुरुष तोडतो, स्त्री मोळी बांधते. मग डोक्यावर चुंबळ ठेवून ती मोळी घ्यावयाची आणि मालमोटारीला टेकविलेल्या अरुंद फळीवरून वर चढावयाचे. तोडणीची यंत्रे आली आहेत, पण लहान व ओल्या रानांत कोयताच चालतो. मजुरी टनावर मिळते, आणि टन मोजला जातो कारखान्याच्या काट्यावर, मोटारीसकट. फळीवरून चढणाऱ्या मोळीचे वजन करावयास कोठेही काटा नाही.